मँटिसला मांजराने पंजा मारला. पाय लोंबतोय आणि शेवटची कात जवळ आलीय

जास्वंदी

नमस्कार मंडळी, जरा घाईने मदत हवी आहे.

आमच्याकडे एक प्रार्थनाकीटक म्हणजे मँटिस आहे. हिरवीगार, मोठ्या जातीची, बहुतेक हिरोड्युला. पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅलरीतल्या जास्वंदीच्या फांदीवर अंड्यांची पेटी फुटून पिल्लं बाहेर पडली. त्यातलं एक लेकीने ठेवून घेतलं, बाकीची झाडावरच राहिली. नाव हिरकणी. आता बोटाएवढी झालीय आणि पाठीवर पंखांच्या कळ्या दिसायला लागल्यात, म्हणजे प्रौढ होण्याआधीची शेवटची कात टाकायची वेळ आलीय.

काल संध्याकाळी शेजारचं मांजर गॅलरीत आलं, जाळीचा पिंजरा पाडला आणि आत पंजा घातला. मागचा डावा पाय मांडीत मोडलाय, नुसत्या सालीवर लोंबतोय. मोडल्या जागी हिरवट पाण्यासारखा थेंब येत होता, तो रात्री थांबला. पोट शाबूत वाटतंय. डाव्या डोळ्यात एक काळा ठिपका आहे, तो आधीपासून होता का ते आठवत नाही. सकाळपासून छताला उलटी लटकून बसलीय, माशी पुढे धरली तरी हलत नाही.

जवळच्या दवाखान्यात फोन केला, ते फक्त कुत्री-मांजरं बघतात. लेक सारखी विचारतेय की ती जगेल ना. कुणी असा जखमी किडा सांभाळलाय का? पाय कापायचा का? काही औषध लावायचं का?

माळरान

जास्वंदीताई, थेंब आपोआप थांबला ही फार चांगली गोष्ट आहे. मी बरीच वर्षं मँटिस पाळतोय, पाय मोडलेल्या कितीतरी सांभाळल्यात. चालायचा एक पाय गेल्याने मँटिस मरत नाही. मरते ती पाणी कमी पडल्याने, मुंग्यांनी किंवा कात टाकताना अडकल्याने. त्यामुळे पायापेक्षा या तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

आधी पाणी. किड्यांचं रक्त आपल्यासारखं शिरांमधून फिरत नाही, सगळ्या शरीरात मोकळं असतं आणि पाठीतली एक लांब नळी ते पुढे ढकलत राहते. ऑक्सिजन वाहायचं काम त्याच्याकडे नाही, तो पोटाच्या कडेच्या श्वासरंध्रांतून थेट आत जातो. पण त्या रसाच्या दाबावरच कात फाटते, नवे पाय आणि पंख ताणले जातात. म्हणून गेलेला रस भरून निघायलाच हवा. ड्रॉपरच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबता ठेवा आणि तिच्या जबड्याला हलकेच टेकवा. चेहऱ्यावर पिचकारी मारू नका. तहान असेल तर जबडे हलायला लागतात आणि थेंब बघता बघता लहान होत जातो. दिवसातून दोन-तीनदा द्या.

पाय ओढू नका. मँटिसचे मधले आणि मागचे पाय मांडीच्या मुळाशी असलेल्या सांध्यातून सुटून पडू शकतात. तिथे आतून लगेच बंद होईल अशी सोय निसर्गानेच केलेली आहे. कधी कधी त्या स्वतःच मोडका पाय चावून टाकतात. एक-दोन दिवस वाट बघा. तरीही लोंबत राहिला, तर मोडल्या जागेच्या खालचा फक्त लोंबता भाग धारदार छोट्या कात्रीने कापा, तेही कुणीतरी तिला मऊ ब्रशने आडोसा देऊन स्थिर ठेवलं तर. पुन्हा थेंब आला तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर ब्रशच्या टोकाने त्या जागी लावा. लोंबता पाय तसाच राहिला तर कात निघताना तोच अडकतो, म्हणून त्याचा निकाल कातीआधी लागलेला बरा.

डोळ्यातला ठिपका: तुम्ही स्वतः डावीकडून उजवीकडे सरका आणि बघा. ठिपका तुमच्या मागे सरकला तर ती जखम नव्हेच, सगळ्याच मँटिसच्या डोळ्यात तो दिसतो. डोळ्याचे जे बारीक भाग त्या क्षणी नेमके आपल्याकडे रोखलेले असतात ते काळे दिसतात, एवढंच. एकाच जागी राहिला, तपकिरी आणि खरबरीत दिसला, तर मात्र मार लागलाय. रात्री दोन्ही डोळे पूर्ण काळे झाले तर घाबरू नका, अंधारात ते तसेच होतात.

आजोळ

अगं, हळद लावून बघ ना. आमच्याकडे गुराढोरांच्या जखमेवर हळद आणि तेलच लावायचे, आठवड्यात खपली धरायची. मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत.

पीकपाणी

आजोळकाकू, माफ करा, पण हळद अजिबात नको. आपण धान्यात हळकुंड, कडुलिंबाचा पाला टाकतो ते किडा लागू नये म्हणूनच ना? आणि मँटिस हा किडाच आहे. तेल तर त्याहून वाईट, पोटाच्या कडेची श्वासाची भोकं बुजतात.

मी तासगावकडचा, द्राक्षाची बाग आहे. कडुलिंबाच्या अर्कातलं अझाडिरॅक्टिन आम्ही फवारतो. त्याचं काम काय, तर किड्याच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात बिघाड करायचा. आळी कातीतच अडकून मरते. ताईंच्या मँटिसची तर शेवटची कात जवळ आलीय, म्हणजे गॅलरीतल्या कुंड्यांवर नीम तेल मारलं असेल तर तिथला एकही किडा तिला खायला देऊ नका. धान्यात घालायची बोरिक पावडर, झुरळांचा खडू, डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, डांबरगोळ्या, कापूर, ह्यातलं काहीही त्या खोलीत नको. आमच्या बागेत औषध मारायचं नसतं त्या कोपऱ्यात मी मँटिसच्या पेट्या असलेल्या फांद्या छाटणीत राखून ठेवतो. फार गुणी जीव आहे.

श्वानमित्र

मी पशुवैद्य आहे, नाशिकला. किड्यांवर उपचार आम्हाला शिकवलेले नसतात, त्यामुळे त्या दवाखान्यालाही दोष देता येत नाही. पण दोन गोष्टी माझ्या कामातल्या आहेत म्हणून सांगतो.

माणसांची किंवा जनावरांची अँटिबायोटिक मलमं लावू नका. त्यांचा पाया तेलकट असतो, वर पीकपाणी म्हणाले तेच होईल. बेटाडिन, डेटॉल, स्पिरिट यांचीही गरज नाही. आणि घरात कुत्रा असेल, त्याच्या मानेवर गोचिडांसाठी थेंब सोडत असाल किंवा पावडर लावत असाल, तर त्याला हात लावून तसाच पिंजरा उघडू नका. त्यात पर्मेथ्रिन, फिप्रोनिल असली औषधं असतात. गोचिडासाठीचं विष मँटिसलाही तितकंच लागू पडतं. साबणाने हात धुवा, मगच पुढचं. गॅलरीत आलेल्या मांजरालाही असं काही लावलेलं असू शकतं, तेव्हा पिंजऱ्याची जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन, खळखळून, वाळवून घेतलेली बरी.

जास्वंदी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोळकाकू, तुमची माया पोचली.

डोळ्याची परीक्षा घेतली. ठिपका आमच्याबरोबर सरकतो! लेक अर्धा तास पिंजऱ्याभोवती फिरून तेच बघत होती. पाणी दिलं. पहिल्यांदा तोंड वळवलं, मग एकदम जबडे चालायला लागले आणि तीन थेंब प्यायली. लिक्विडची मशीन काढून टाकली, आता मच्छरदाणी लावतोय. जाळी धुतली. खाणं मात्र अजून नाही.

मांडवी

पणजीहून लिहितेय. मुंग्यांचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून सांगते. जखमेचा वास तांबड्या मुंग्यांना लगेच लागतो आणि एका रात्रीत त्या जिवंत किडा फस्त करतात. मी स्वतः पाहिलंय. पिंजरा एका स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे करा. दिवाळीत फराळाचे डबे परातीत ठेवतो ना, अगदी तसंच. स्टूल भिंतीला किंवा पडद्याला टेकता कामा नये, नाहीतर पाण्याचा काही उपयोग नाही. उरलेली माशी, तिचे पंख-पाय रोज काढून टाका.

माळरान

मांडवी यांचं शंभर टक्के खरं.

आता खाणं. मँटिसला हलणारंच भक्ष्य दिसतं, मेलेली माशी पुढे ठेवून उपयोग नाही. आणि जखमी असताना झडप घालायची ताकद नसते. घरमाशी चिमट्यात धरा, तिचं पोट फोडा आणि आतला ओला मऊ भाग हिरकणीच्या जबड्याला टेकवा. हात स्थिर ठेवा. चव लागली की ती पुढच्या काटेरी पायांनी माशी स्वतःच ओढून घेते. घेतली नाही तर हट्ट करू नका, संध्याकाळी पुन्हा द्या. माशी न मिळाल्यास एक भाग मध आणि तीन-चार भाग पाणी कापसाच्या बोळ्यावर द्यायला हरकत नाही, पण तेवढ्यापुरतंच, आणि तोंड ओल्या ब्रशने पुसून घ्या, नाहीतर पुन्हा मुंग्या. दूध, भात, बिस्किट नाही. चिकनचा तुकडाही टाळा.

विष्ठेवर लक्ष ठेवा. कोरड्या, बारीक काड्यांसारखी असेल तर पोट ठीक आहे. तोंडातून काळपट पाणी येत असेल तर ते वाईट लक्षण, तेव्हा दोन दिवस फक्त पाणी.

जिवंत रातकिडा किंवा मोठा नाकतोडा सध्या आत सोडू नका. रातकिडे अशक्त मँटिसला कुरतडतात.

सांजवेळ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारते. माझ्याकडे खोलीत आलेला एक नर आहे, पूर्ण पंखांचा. पंख्याला धडकून पडला. एक पुढचा पंख फाटलाय आणि पोटाला एका बाजूला बारीक चीर आहे, तिथून ओल दिसते. पाय सगळे आहेत. त्यालाही नवा पंख येईल का?

माळरान

सांजवेळ, पूर्ण पंख आले म्हणजे तो प्रौढ. आता कात टाकणार नाही, त्यामुळे नवा पंख नाही की नवा पाय नाही. फाटका पंख तसाच राहू द्या, उडण्यापलीकडे त्याचं काही अडत नाही.

पोटाची चीर मात्र गंभीर. कॉर्नफ्लोअरने ओल थांबली तर उत्तम. नाही थांबली तर पाळणारे लोक शेवटचा उपाय म्हणून फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा ठिपका चिरेवर लावतात. पोटाच्या कडेने प्रत्येक वलयावर श्वासरंध्र असतं, तिथे गोंद जाऊ द्यायचा नाही. छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधोमध एक खाच असते, तिथेही नाही. मँटिसला एकच कान असतो आणि तो त्या खाचेत असतो. रात्री उडताना वटवाघळाचा आवाज तो त्यानेच ऐकतो.

नर आहे ना, खात्री केलीत? पोटाच्या खालून वलयं मोजा: नराला आठ दिसतात, मादीला सहा.

जास्वंदी

बातमी! पाय रात्रीतून आपोआप गळून पडला. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मिळाला, अगदी मुळापासून सुटलेला. जागा कोरडी आहे, इवलासा गडद ठिपका, बस. माशीचा आतला भाग खाल्ला. पहिल्या माशीला वेळ लागला, दुसरी मात्र तिने चिमट्यातून हिसकावलीच. लेकीने तो पाय काडेपेटीत ठेवलाय.

तिला नवा पाय येईल ना?

माळरान

वा! फार बरं वाटलं.

पायाबद्दल खरं ते सांगतो, लेकीलाही तसंच सांगा. चालायचा पाय पिल्लूपणी गेला तर पुढच्या कातीत छोटासा येतो, त्याच्या पुढच्या कातीत मोठा होतो. नवा पाय जुन्या सालीच्या आत दुमडून वाढतो, आणि त्याला वेळ लागतो. हिरकणीची एकच कात राहिलीय आणि दुखापत त्या कातीच्या अगदी जवळ झालीय. त्यामुळे या वेळी पाय येणार नाही, आलाच तर एखादा खुंट. पण चालायचे तीन पाय आणि पुढचे दोन शिकारी पाय असं सगळं धड आहे, ती सहज जगेल.

आता सगळं लक्ष कातीवर. छत जाळीचं हवं, गुळगुळीत प्लास्टिक किंवा काच नको, कारण एक पाय कमी असताना पकड सुटायची भीती जास्त. मच्छरदाणीचं कापड आतून ताणून लावा. पिंजऱ्याची उंची तिच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी आणि ती लटकते त्याखाली काहीही नको, फांदीसुद्धा नको. तळाला ओला टिश्यू पेपर अंथरा. तापमान २५ ते ३० अंश, म्हणजे आपली नेहमीची खोली. ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झालीय, तेव्हा सकाळ-संध्याकाळ जाळीवर बारीक फवारा मारा.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून. इथे मँटिस पाळणारे भरपूर, दुकानात माश्यांच्या डब्या विकत मिळतात. इथली जंगली जात कायद्याने संरक्षित आहे आणि २०१७ साली तिला वर्षाचा कीटक म्हणून मान मिळाला होता. दुकानात पाळायला मिळतात त्या बहुतेक आपल्या आशियातल्या, हिरोड्युला तर हमखास.

माळरान यांच्या सांगण्यात एक भर. कात टाकताना पडली तर घाबरून अंगाला धरू नका. काही मिनिटांचाच वेळ असतो. जुनी, अर्धवट निघालेली साल चिमट्याने पकडा आणि सालीचं टोक चिकटपट्टीने छताला लावून तिला पुन्हा उलटी टांगा. बाकीचं काम वजनच करतं. पाय अडकला तर कोमट पाण्यात भिजवलेला ब्रश सालीवर फिरवा, ओढू नका. नवं अंग इतकं मऊ असतं की बोटाचा दाब कायमचा राहतो.

जास्वंदी

तिने पुन्हा खाणं सोडलंय. माशी समोर आली तर चक्क मागे सरते. पंखांच्या कळ्या पूर्वीपेक्षा जाड दिसतात, हलत नाही, छताच्या एकाच कोपऱ्यात आहे. हे आजारपण की कात?

माळरान

कात! कळ्या फुगणं आणि भक्ष्याला घाबरणं, दोन्ही खुणा पक्क्या. शेवटच्या कातीआधी आठवडाभरसुद्धा खात नाहीत. आतल्या सगळ्या माश्या बाहेर काढा, अगदी लहान चिलटंही. पिंजरा हलवू नका, उघडू नका. पाणी जाळीवरूनच.

पीकपाणी

ताई, एक विसरलोच. डेंग्यूच्या दिवसांत तुमच्याकडे धुराची गाडी येत असेल. ती आली की खिडक्या बंद करून पिंजरा आतल्या खोलीत न्या. कातीच्या ऐन वेळी आली तर पिंजरा न हलवता त्याच खोलीची खिडकी-दारं बंद करून फटीत ओला टॉवेल लावा. फवाऱ्याची बाटलीही कधी औषधाला वापरलेली नको, नवी कोरी घ्या.

जास्वंदी

झाली! कात झाली!!

पहाटे लेक पाणी प्यायला उठली तेव्हा सुरू होती. दोघी अंधारात, मोबाईलचा उजेड लांबून टाकून बघत बसलो. पाठ फाटलेली, डोकं खाली, ती सालीतून इंच इंच खाली घसरत होती. पुढचे पाय सुटले, मग मधले. मागचा उजवा निघता निघेना, तेव्हा माझा श्वास अडकला. मग ती थोडा वेळ तशीच निपचित लटकली, एकदम अंग वर वळवलं आणि स्वतःच्याच रिकाम्या सालीला धरून वर चढली. पंख आधी चुरगळलेल्या ओल्या चिंध्या वाटत होते. ते हळूहळू खाली उलगडत गेले. पांढरट होते, सकाळपर्यंत हिरवे झाले. डाव्या पंखाच्या कडेला एक सुरकुती राहिलीय, मांजराचा पंजा तिथेच बसला असावा. तुटलेल्या पायाच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा खुंट आहे. बाकी हिरकणी अख्खी आहे.

आजोळ

डोळ्यांत पाणी आलं गं वाचून. लेकीला माझा आशीर्वाद सांग.

सांजवेळ

अभिनंदन जास्वंदी! खूप आनंद झाला.

माझ्या नराचं मात्र बरं नाही. चीर बंद झाली होती, पण पोट काळं पडत चाललंय, तोंडातून काळं पाणी येतं, जाळी धरता येत नाही, तळाशी पडून पाय हलवतो. पाणीही घेत नाही. त्याला असं बघवत नाही. काय करावं?

ऱ्हाइनकाठ

सांजवेळ, वाईट वाटलं. पोट काळं पडणं आणि पकड जाणं ही दोन्ही एकत्र आली की ती बहुधा परत फिरत नाही. इथले पाळणारे अशा वेळी छोट्या डबीत मऊ कागदावर ठेवून डबी आधी फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीने किड्याची हालचाल मंदावत पूर्ण थांबते. काही तासांनी मग ती डबी फ्रीजरमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत. थेट फ्रीजरमध्ये नको. आणि तुम्हाला ते करवत नसेल तर अंधारात, शांत जागी, मुंग्यांपासून सांभाळून, ओठाशी पाण्याचा थेंब देत राहणं हेही योग्यच आहे. प्रौढ नर तसेही थोडे महिनेच जगतात. तुम्ही त्याची नीट काळजी घेतलीत.

सांजवेळ

धन्यवाद. आज रात्र त्याच्याजवळ ठेवते, मग ठरवते.

जास्वंदी

सांजवेळ, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. लेकीने त्याच्यासाठी चित्र काढलंय, उद्या इथे टाकते.

माझा शेवटचा प्रश्न. हिरकणीला आता झाडावर सोडावं का? आणि ठेवलं तर पुढे माश्या पुरतील का?

माळरान

सांजवेळ, मनापासून सहानुभूती.

जास्वंदीताई, दोन-तीन दिवस तरी तिला हातही लावू नका, अंग कडक होऊ दे. मग पहिली माशी पुन्हा चिमट्यानेच. पंखाला सुरकुती आहे, एक पाय नाही, आणि खाली मांजर फिरतंय. मी असतो तर ठेवून घेतलं असतं. मोकळ्या झुडपातही एक पाय कमी असलेल्या मँटिस जगतात, पण तुमच्या गॅलरीत तिला लपायला जागा कुठे आहे?

प्रौढ मादी नराशिवायही अंड्यांची पेटी बांधते. त्यातून सहसा पिल्लं येत नाहीत, पण पेटी बांधल्यावर ती फार अशक्त होते आणि तेव्हा तिला भरपूर खायला लागतं. तिची पूर्ण वाढ ७-८ सेंटिमीटरची, चिलटांवर भागणार नाही.

पीकपाणी

माश्यांचं सोपं आहे ताई. मोठ्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि थोडा ओला कोंडा ठेवून बरणी दिवसभर गॅलरीत उघडी ठेवा, मग तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. आठवडा-दीड आठवड्यात आतल्या अळ्यांच्या माश्या होतात. अशा दोन-तीन बरण्या पुढे-मागे लावल्या की खंड पडत नाही. त्या घरच्याच असल्याने औषधाची भीती नाही. नाकतोडे देणार असाल तर गवत कापलेल्या सोसायटीच्या बागेतले नकोत, तिथे तणनाशक, कीटकनाशक काय मारलंय ते माळ्याला आधी विचारा. आणि मोठ्या नाकतोड्याचे मागचे उडीचे पाय काढूनच आत सोडा, त्याची लाथ तिच्या नव्या पंखाला लागायला नको.